वहिनीची भाषा आमच्या घरात

आमच्या घरात एक भाषा बंद पडायला परभणीच्या एका डॉक्टरचं एक वाक्य पुरलं. "घरात एकच भाषा बोला, मूल गोंधळून जातं," एवढं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आम्ही तिघी उठलो. माझी माय, वहिनी आणि मी. वहिनीच्या कडेवर तिची लेक, तीन वर्षांची. तिच्यासाठीच आलो होतो. पोरगी बोलते, पण कमी बोलते, आणि जे बोलते त्याला एक चमत्कारिक शेपूट असतं. 'भाकर'ला 'भाकरा', कापसाला 'कापुसा', बैलाला 'बैला'. मायला वाटलं जिभेत दोष आहे. मी डॉक्टरांना सांगायला लागले, की तिच्या आईच्या भाषेत शब्द कधी व्यंजनावर थांबतच नाही, प्रत्येक शब्दाच्या शेवटी स्वर लागतो, म्हणून पोरगी आपल्याही शब्दांना तो लावते, दोष-बिष काही नाही. डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही काय करता?" म्हटलं, "कॉलेजात शिकवते. मराठी." त्यावर ते हसले आणि चिठ्ठी लिहायला लागले. मराठी शिकवणाऱ्या बाईचं कोण ऐकतं.

परतताना एसटीत पोरीनं खिडकीबाहेर बोट दाखवून तिच्या आईला काहीतरी विचारलं, आईच्याच भाषेत. वहिनीनं तोंड उघडलं, मायकडं पाहिलं, आणि मिटलं. मग म्हणाली, "म्हैसा. म्हैसा हाय ती."

त्या दिवसापासून बंद.

वहिनी कोण, कुठली, ते सांगते. माझा भाऊ मलेशियात एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला आहे. वहिनी तिथंच चादरी-कपडे धुवायच्या खात्यात होती, लग्नही त्यांनी तिकडंच केलं. ती मात्र मलेशियाची नाही. सुमात्रा नावाचं एक मोठं बेट आहे, त्याच्या पश्चिमेला समुद्रात नियास नावाचं छोटं बेट, तिथली. गावात तिला सगळे 'मलेशियावाली' म्हणतात. मी पहिलं वर्षभर लोकांना दुरुस्त करत होते, मग सोडून दिलं. पोरगी पोटात असताना भावानं तिला इकडं आणून सोडलं आणि करार संपला नव्हता म्हणून तो परत गेला. आमचं गाव वालूरजवळ. मी तिला अक्षरं शिकवल्यावर एकदा सेलूच्या स्टँडवर तिनं वालूरच्या एसटीची पाटी अक्षर अक्षर लावून वाचली आणि खो खो हसली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, 'वालु' म्हणजे त्यांच्यात आठ. "ताई, आठच्या गावाला बसा जाते का?" आम्ही दोघी हसत बसलो आणि बस सुटली. माय घरी गेल्यावर कडकडा बोलली.

मी आमच्या घरातली पहिली कॉलेजात गेलेली. वडील चौथी पास, माय अंगठा. मी एम.ए. केलं, भाषाविज्ञानाच्या पेपरात वर्गात पहिली आले, आणि आता परभणीत एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. हे मी मिरवते. लपवून काय करू? दुसरं कोणी सांगणारं नाही. भाषाविज्ञान मी पुस्तकात वाचलं होतं. भाषांची कुळं, त्यांच्या शाखा, पोटशाखा, सगळं परीक्षेपुरतं पाठ. आणि इथं आमच्या चुलीपुढं एक जितीजागती भाषा येऊन बसली होती, भाकरीला शेपूट लावणारी. मग मी कशाला सोडते.

शनिवारी गावी गेले, की वहिनीला धरायचे. शेंगा फोडता फोडता ती सांगायची, मी लिहून घ्यायचे. तिच्या भाषेला ते 'ली निहा' म्हणतात. निहा म्हणजे माणूस, ली म्हणजे वाणी. माणसांची वाणी. आकडे असे: सारा, दुआ, तोलु, ओफा, लिमा, ओनो, फितु, वालु, सिवा, फुलु. यातला काही काही 'ओ' आपला नाही. अ आणि ओ यांच्या मधला कुठला तरी आहे, माझ्या तोंडून निघत नाही. पोरीच्या सहज निघायचा. आणखी एक गंमत होती. आपल्याकडं शब्दाचं शेवटचं टोक बदलतं, घर, घराला, घरात. त्यांच्याकडं तोंड बदलतं. घराला 'ओमो', पण वाक्यात जागा बदलली, की तेच 'नोमो'. मला ते इतकं आवडलं, की वर्गात पोरांना सांगितलं. एक पोरगा मागून म्हणाला, "मॅडम, परीक्षेला हाय का?"

मग मी वाचत गेले. ही भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातली. कॉलेजातले एक सर म्हणाले, "म्हणजे आपल्या मेळघाटातल्या कोरकूसारखी." म्हटलं, "सर, कोरकू ऑस्ट्रो-आशियाई. नावात 'ऑस्ट्रो' आलं म्हणून एक घराणं होत नाही. एका आडनावाचे सगळे भावकीतले असतात का?" ते त्यानंतर स्टाफरूममध्ये माझ्याशी जपून बोलतात.

हे कुळ म्हणजे पाण्यावरचं कुळ. जाणकार सांगतात, की ते तैवानकडून निघालं आणि होड्यांतून बेटाबेटावर उतरत गेलं. पश्चिमेला थेट आफ्रिकेच्या कुशीतल्या मादागास्करपर्यंत, पूर्वेला हवाईपर्यंत, खाली न्यूझीलंडपर्यंत. पाचाला नियासमध्ये लिमा, मलायमध्ये लिमा, फिलिपाईन्समध्ये लिमा, हवाईत लिमा, न्यूझीलंडच्या माओरी लोकांत रिमा आणि मादागास्करात दिमी. मूळ शब्द हाताचा. एवढा मोठा समुद्र पार करताना लोकांनी हात सोडला नाही, असं मी वहिनीला म्हटलं. मला वाटलं ती हरखेल. तिनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि विचारलं, "ताई, ते लोक मला ओळखतील का?"

"न्हाई."

"मी बोलले तर समजंल का त्यांना?"

"न्हाई समजणार."

"मंग काय उपेग."

बटाक नावाच्या सुमात्रातल्या भाषा आणि शेजारच्या बेटांवरची मेंतावाई, या ली निहाच्या जवळच्या भावकीतल्या मानतात. पण किती जवळच्या, यावर शहाण्यांत एकमत नाही. ही भाषा बेटावर एकटी राहून इतकी बदलली, की बहिणींच्या पंगतीत तिला कुठं बसवावं, याचा घोळ अजून मिटलेला नाही. हे मी वहिनीला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

शाळेत ती इंडोनेशियाची सरकारी भाषा शिकली होती. त्यात 'भाषा'ला 'बहासा' म्हणतात, 'गुरू' तर गुरूच. गावातल्या शिकलेल्या लोकांना हेच ऐकायचं असायचं. "बघा, संस्कृत हाय त्यांच्यात, आपलेच हायत ते." वहिनी मला नंतर म्हणाली, "ती शाळेची भाषा हाय, ताई. माझ्या मायला ती धड येत न्हाई."

तिचं आणि माझ्या मायचं गणित एकदाच जुळलं होतं. लग्नाच्या अक्षता गावात पुन्हा टाकल्या तेव्हा वहिनीला नवं नाव दिलं होतं. त्या नावाला ती ओ देत नव्हती. आळीतल्या बाया म्हणायच्या, "बहिरी आणली का काय गं?" पण पोरगी झाली आणि माय तिला पोरीच्या नावानं 'अमकीची माय' म्हणायला लागली, तर पहिल्याच हाकेला ही पळत आली. मला कोडं पडलं. विचारलं तेव्हा कळलं, की त्यांच्यातही तेच आहे. पहिलं लेकरू झालं, की बाईला 'इना' आणि पुढं लेकराचं नाव, असंच म्हणायचं. मग तिचं स्वतःचं नाव घेणं बरं दिसत नाही. माय हे ऐकून लय खूश. "म्हणजे माणसातली हाय की!" म्हणाली आणि त्या दुपारी तिला आपल्या शेजारी जेवायला बसवून घेतलं.

तीच माय आता पहारा द्यायला लागली. वहिनी अंगणात पोरीची वेणी घालताना सवयीनं काही बोलली, की आतून आवाज यायचा, "मराठीत बोल!" शेजारची काकू भिंतीवरून साथ द्यायची, "डॉक्टरनं सांगितलंय ना बाई, ते चिंगमिंग बंद कर आता." वहिनी ऐकायची. उलट बोलायची नाही. आमच्या मायकडून शिकलेल्या मोडक्या मराठीत लेकीला सांगायची: हे खा, ते घे, तिकडं जाऊ नको. तेवढंच सांगता यायचं. गोष्ट सांगता येत नव्हती. रागवता येत नव्हतं. लाड तर नाहीच. झोपवताना ती काहीतरी गुणगुणायची, तेही थांबलं.

आणि पोरगी? डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणं तिनं घडाघडा बोलायला लागायला पाहिजे होतं. ती आणखी कमी बोलायला लागली. एकदा मी गोठ्याकडं गेले, तर ही वासराच्या गळ्यात हात टाकून उभी, आणि त्याच्या कानात बोलायलीय. भरभर, न थांबता, आईच्या भाषेत. मी आडोशाला उभी राहून ऐकलं. एवढं लांब बोलताना मी तिला घरात कधी ऐकलं नव्हतं. वासराला डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं.

मी घरात येऊन मायशी भांडले. म्हटलं, "तांड्यावरची बंजाऱ्यांची लेकरं घरी गोरमाटी बोलतात, शाळेत मराठी बोलतात. मुकं झालं का कुणी? परभणीत माझ्या घरमालकिणीची नातवंडं दखनी बोलतात, मराठी बोलतात, इंग्रजी बोलतात. लेकराच्या डोक्यात जागा लय असती, माय."

"तू बाई शनिवारी येतीस, भाषण करतीस, सोमवारच्या बसनं जातीस," माय म्हणाली. "निस्तरायचं मला असतंय."

ते खरं होतं.

मग तुरीच्या राशी होऊन गेल्यावर नियासहून फोन आला. वहिनीच्या मायला लकवा मारला. एक अंग गेलं, तोंड वाकडं झालं. वहिनी फोन ठेवून चुलीपुढं बसून राहिली. दूध उतू गेलं, तरी तिला कळलं नाही. मग तिनं भावाला फोन लावला, की मी जाते, पोरीला घेऊन जाते. भाऊ म्हणाला, "मायला विचार." आमचा भाऊ वाईट नाही. पण हजारो मैलांवरूनही तो मायच्या पदराआडच उभा असतो.

मायनं लगेच हो म्हटलं. "जा बाई. माय ती माय. जाऊन ये." आणि मग शांतपणं, "पोरगी राहील इथं."

हे मला कळलं तसं मी मधल्या वारीच सुट्टी टाकून आले. दुपारची वेळ होती. वडील शेतात. माय ओसरीत तूरडाळ पाखडत बसली होती. मी चप्पल काढली न काढली तोच सुरू झाले. आजारी बाई आहे, नातीचं तोंड पाहायचं तिला, तू कोण अडवणारी, डॉक्टरचं निमित्त करून...

माय पाखडत राहिली. माझा दम संपल्यावर म्हणाली, "डॉक्टरचं मला काय कौतिक? पोरगी बोलंल आज न उद्या. तू तरी कुठं बोलत होतीस चार वर्साची होईपस्तोर."

"मंग?"

"मंग काय? तिला ती भाषा आली, की ती तिथं रमंल. रमली की संपलं." तिनं सुपातला खडा उचलून अंगणात फेकला. "कालवड बांधून ठिवली, की गाय कुठं बी चरायला जाऊ दे, सांजच्याला घरी येतीच. तुला कळत न्हाई हे? तू तर शिकलेली."

मला राग आला. खूप आला. माणसाला कुणी असं बांधतं का? पण त्या रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते मला आवडलं नाही. घरात वडील आणि माय, दोघंच म्हातारे. भाऊ तिकडं, मी परभणीला. अंगणात दिवसभर हलतं-बोलतं काही असेल, तर ती एवढीशी पोरगी. ती परत आली नाही तर? मी सुद्धा शनिवारी बसमधून उतरले, की आधी तिलाच शोधते. मायनं जे मोठ्यानं म्हटलं, ते माझ्या मनात नव्हतंच, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नव्हते.

दारात वहिनी उभी होती. डोक्यावर पाण्याची घागर. किती वेळची, देव जाणे. घागर उतरवून तिनं जागेवर ठेवली, हात पुसले आणि मायच्या समोर येऊन बसली. मायच्या हातातलं सूप स्वतःकडं ओढलं आणि डाळ निवडायला लागली. निवडता निवडता बोलली. तिची मराठी आमच्याच मायची मराठी, त्यामुळं कानाला फार जवळची लागते.

"आत्याबाई, पोरगी इथं ठिवली तर मी येईन. लवकर येईन. हे तुमचं खरं हाय. पण आल्यावर मी कशी असंन, ते तुमी बघा."

मायनं रिकामे हात पदराला पुसले.

"माझ्या मायचं तोंड वाकडं झालंय. तिला बोलता येत न्हाई आता. पण काना हायत." घाईत तिचे शब्द अजून असे उघडे राहतात. "पोरगीनं तिच्याशी बोलावं, एवढंच मला पाहिजे. पोरगी माझ्या भाषेत वासराशी बोलती, आत्याबाई. माझ्याशी मराठी बोलती. माझ्याकडं बघून भेती. हे तुमी केलं."

"डॉक्टरनं केलं," माय म्हणाली.

"डॉक्टर आपल्या घरात ऱ्हात न्हाई."

मी मायशी पन्नास वेळा भांडले असेन, एकदाही जिंकले नाही.

वहिनीनं मग अंगणाकडं पाहून हाक मारली. पोरगी आली, हात मातीनं भरलेले. वहिनीनं तिला तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. साध्या आवाजात, जेवलीस का, असं विचारावं तसं. मला त्यातला एकही शब्द कळला नाही. एवढं वाचलं, एवढं लिहून घेतलं, पण माणूस बोलायला लागलं, की माझ्या हातात आकडेच उरतात.

पोरीनं उत्तर दिलं नाही. तिनं आधी आजीकडं पाहिलं.

तीन वर्षांचं लेकरू. आईला उत्तर देऊ का, हे आजीला डोळ्यानं विचारत होतं. मायनं ते पाहिलं. मी पाहिलं, की मायनं ते पाहिलं. तिचा हात मांडीवर नुसता पडून राहिला. मग माय घसा खाकरून म्हणाली, "माझ्याकडं काय बघायलीस? तुझी माय काय इचारायलीय, सांग तिला."

पोरगी वहिनीच्या कुशीत शिरली आणि तोंड पदरात लपवून हळूच काहीतरी बोलली. वहिनी हसली नाही, रडली नाही. तिनं पोरीला हात धुवायला उचलून नेलं.

संध्याकाळी मायनं कनवटीची चावी सोडून माझ्यापुढं टाकली. वहिनीला दिली नाही, मला दिली. "कपाटात वरच्या फळीवर हाय पोरीचा पासपोट. तू काढ. मला काय कळतंय त्यातलं." तो भावानं मागं सुट्टीवर आला तेव्हाच काढून ठेवला होता, कधीतरी दोघींना तिकडं न्यायचं म्हणून. तो मायच्या कुलपात आहे, हे मला माहीत नव्हतं. मी काढला, वहिनीच्या हातात दिला. ती दोन्ही हातांनी घेऊन उभी राहिली.

त्या दोघी उन्हाळ्यात निघाल्या. सेलूहून हैदराबादची गाडी धरली. पुढचं विमानाचं भावानं पाहिलं होतं, कुठं कुठं बदलायचं ते एका कागदावर मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं. मायनं शेंगदाण्याचे लाडू बांधले होते, तीळ-जवसाची चटणी, धपाटे, एका आजारी बाईनं महिनाभर खावं एवढं. लकवा मारलेल्या बाईला धपाटे कसे चावता येतील, हे मी म्हटलं नाही. गाडी दिसायला लागली, तशी माय वहिनीला म्हणाली, "पोळ्याच्या आत ये."

वहिनी वाकली, पायावर डोकं ठेवलं. उठली. मायच्या तोंडाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी वाट पाहत होते, ती 'हौ' म्हणेल. तिला 'हौ' म्हणायला फार आवडतं, दिवसात शंभरदा म्हणते. ती काही म्हणाली नाही. गाडी थांबली, तिनं पोरीला आधी चढवलं, मग पिशव्या, मग स्वतः. डब्यात गर्दी होती, खिडकी मिळाली नाही. आम्हाला दोघी पुन्हा दिसल्या नाहीत.

तिथं पोचल्या, तिची माय अजून आहे, एवढं भाऊ कळवतो. तिकडं बेटावर रेंज येते-जाते म्हणे. येणार कधी, हे त्यानंही विचारलेलं नाही. मी विचारलं, तर म्हणतो, "येईल की, घाई काय हाय." मी वहिनीला थेट विचारू शकते. नंबर आहे माझ्याकडं. अजून विचारलेलं नाही. उत्तर काय येईल, हे कळत नसतं, तर कदाचित विचारलं असतं. आणि तिथं जी पोरगी आहे, ती आता आजीच्या उशाशी बसून दिवसभर बोलत असणार, कुणाकडं न बघता. तिथल्या शब्दांना शेपूट लावायला लागत नाही, ते आधीच उघडे असतात. हे मला चांगलं वाटायला पाहिजे. वाटतं पण. बस वालूरहून वळली, की मात्र वाटत नाही.

परवा गावी गेले. पोळा तोंडावर आलाय. मायनं भाकरी थापता थापता विचारलं, "ती म्हणली होती ना गं, पोळ्याच्या आत येते म्हणून?"

मला खोटं बोलता येत नाही. हा माझा गुण आहे, असं मी आजवर समजत आले. म्हटलं, "न्हाई, माय. ती काहीच म्हणली नव्हती."

मायनं भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "मला म्हाईत हाय," म्हणाली. "मी बी तिथंच उभी होते. आन् चावी देतानाच म्हाईत होतं मला."

"मंग चावी कामून दिलीस?"

ती भाकर उलटेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "ताट घे," आणि दुसरी थापायला घेतली.